जिभेच्या मुळाशी लाल धागा

दाराची घंटा वाजली तेव्हा तिच्या ओठांत रेशमाचा लाल धागा होता.

धागा म्हणण्याइतकाही तो नव्हता. रेशमाचे एक सूत घ्यायचे, त्याचा पीळ उलगडत उलगडत असा तंतू वेगळा काढायचा की तो हाती आला की नाही हे नजरेआधी ओठांना कळावे. मग ओठांत धरून तो ओला करायचा आणि सुईच्या टोकाने पांढऱ्या प्लास्टिकवर वळणावळणाने निजवायचा. त्या मुक्या पांढऱ्यावर मग शीर उमटे, आणि प्लास्टिकचा डोळा थोडा जागलेला, थोडा रडलेला, थोडा जगलेला दिसू लागे. अरुंद रस्त्यावरच्या त्या तळमजल्याच्या खोलीत ती आणि तिची आत्या कृत्रिम डोळे बनवीत. "धागा तोंडात धरायचा नाही, ओल्या कापसावर ठेवायचा," असे आत्याने पहिल्याच दिवशी बजावले होते; आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आत्याच ओठांत तीन धागे धरून बसलेली तिला दिसली होती. आता आत्याचे हात कापत. म्हणून बुबुळे आणि शिरा भाचीकडे आल्या. मेणाचे साचे आणि बोलणे आत्याकडे राहिले.

बाहेर सकाळपासून झिमझिम होती – पडावे की थांबावे हे न ठरलेली. दारात एक उंच माणूस उभा होता. खांदे भिजलेले, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी.

"माफ करा हं, पाऊस जरा... थांबेपर्यंत—"

बोलता बोलता त्याने आधारासाठी बाजूच्या टेबलावर हात टेकला आणि खाली पाहिले. नमुन्यांचा ट्रे उघडा होता. काळे, पिंगट, घारे, राखी... दीडशे डोळे एकाच वेळी त्याच्याकडे बघत होते.

"आई गं!"

तो लहान मुलासारखा ओरडला, आणि तिला हसू फुटले. हसण्यासाठी तिने श्वास आत घेतला. श्वासाबरोबर धागा आत गेला.

ती खोकली, खाकरली, टेबलाची कड धरून वाकली. धागा घशाखाली उतरला नाही, बाहेरही आला नाही. जिभेच्या अगदी मुळाशी, जिथे बोट नेले तर पोटातले वर येते, तिथे कुठेतरी तो अडकला आणि हलकेच टोचू लागला.

"अहो, काय झालं? माझ्यामुळे का? थांबा, पाणी देतो..."

त्याने जग उचलला, पेला जवळ ओढला आणि पाणी ओतले. सगळे पाणी पेल्याच्या दोन बोटे अलीकडे पडले. ते रंगाच्या पुड्यांकडे धावले, पिवळ्यात शिरले, मग तांबड्यात. तो जग तसाच धरून त्या ओघळाकडे पाहत राहिला. मघाशी ओरडलेला चेहरा एकदम विझून गेला होता.

"अजून अंदाज येत नाही," तो हळूच म्हणाला. "वस्तू दिसते तिथे ती नसते."

गडबड ऐकून आत्या मागच्या खोलीतून आली. ओले टेबल, खोकणारी भाची, जग धरलेला अनोळखी माणूस – तिने एका नजरेत सगळे जमेस धरले.

"कोण आपण?"

"मी... पाऊस होता म्हणून जरा..."

"खिशातला कागद भिजतोय तुमचा."

शर्टाच्या खिशातून डोकावणारा हॉस्पिटलचा कागद आत्याने स्वतःच काढून घेतला. घडी घालून, उघडून, पुन्हा घडी घालून तो जुन्या रुमालासारखा मऊ पडला होता. "पत्ता आमचाच. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. आणि पाऊस मात्र आज लागलाय, होय ना?"

तो ओशाळून हसला. "चार वेळा दारापर्यंत येऊन परत गेलो. आज घंटेला धक्का लागला."

"घंटेला तरी अक्कल आली म्हणायची. बसा." मग आत्या भाचीकडे वळली. "आणि तू गं ठमे, काय गिळलंस?"

तिने ओठांकडे बोट दाखवले, मग रेशमाच्या रिळाकडे.

"शाबास! लोक मूग गिळून गप्प बसतात, आमच्या बाईसाहेबांनी धागा गिळला."

पुढचे आठ दिवस त्या धाग्याचे होते. पावाचा कोरडा तुकडा न चावता गिळून झाला. पिकलेले केळे झाले, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या झाल्या, मधाचे चाटण झाले. आत्याने तिला खाटेवर उताणी पाडून, डोके खाली लोंबते ठेवून पाठीत धपाटेही घातले. धागा जागचा हलला नाही. आवंढा गिळला की तो आहे. गिळायचाच नाही असे ठरवले की तोंडाला जास्तच पाणी सुटे. जिभेने त्याचा माग काढावा, तर तो बसलेला जिभेवरच, आणि स्वतःच्या पाठीला स्वतः पाहता येत नाही तशी तिची गत. आरशासमोर टॉर्च घेऊन, जिभेचे टोक रुमालात धरून ती उभी राहायची. पडजीभ दिसायची, आणि तिच्या पलीकडे एक ओला अंधार.

घशाच्या डॉक्टरांनी लांब दांडीचा आरसा आत घातला, तिला चार उमासे आणले आणि म्हणाले, "काही नाहीये. लाली आहे थोडी. धागा केव्हाच पोटात गेला, मागे ओरखडा राहिलाय. तो टोचल्यासारखा वाटतो."

"पोटात गेला तर हिच्या तोंडात घास का फिरतो?" आत्याने विचारले.

"भास असतो आजी."

"आजी असेल तुमची—" आत्या म्हणाली, आणि भाचीने तिचा हात धरून तिला बाहेर आणले.

लाल जिभेवरचा लाल धागा! तो डॉक्टरांना दिसला नाही यात नवल नव्हते. डोळ्यांतल्या शिरांसाठी तिने स्वतःच निवडलेला रंग होता तो. मांसात मिसळून जाईल असा, ओळखू येऊ नये असा.

घासाइतकेच बोलणेही अवघड झाले होते. शब्दांत क आला, ग आला की जिभेचे मूळ टाळूला लागे आणि धागा टोचे. तेव्हा ती ते शब्दच टाळू लागली. बोलण्याआधी क्षणभर थांबायची, मनातल्या मनात वाट बदलायची, मग दुसऱ्याच शब्दाने बाहेर पडायची. मुळात अबोल, त्यात हे.

तो रोज दुपारी येत होता. व्यवसायाने घड्याळे दुरुस्त करणारा, म्हणून आत्याने त्याला पहिल्याच दिवशी 'घड्याळजी' करून टाकले होते. आत्याने मेणाने त्याच्या रित्या खोबणीचा साचा घेतला, त्यावरून पांढरे कवच पाडले. आणि उत्तरेच्या खिडकीशी त्याला बसवून, हातभर अंतरावर स्टूल ओढून, भाची त्याचा उजवा डोळा पाहून डावा रंगवू लागली.

"अहो," ती म्हणाली, कारण 'घड्याळजी' म्हणणे म्हणजे जाणूनबुजून काटा टोचून घेणे होते. "वर पहा."

मागच्या खोलीतली खरवडण्याची खसखस थांबली. "आठ दिवसांत अहो?" आत्याचा आवाज आला. "आम्हाला लग्न होऊन दोन वर्षं जीभ उचलली नव्हती."

तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. तो मात्र शिकवल्याप्रमाणे वर बघत राहिला. "असू दे हो आत्या. घड्याळजीपेक्षा हे बरं वाटतं कानाला."

"तुम्हाला वाटेलच. ठमे, तुला दुसरं काही सुचलं नाही?"

ठमीने मान खाली घालून कुंचल्याचे टोक जुळवले.

लांबून पाहिले तर त्याचा डोळा साधा पिंगट होता. हातभर अंतरावरून तो साधा राहत नसे. कडेला राखी रंगाची अगदी पुसट रेघ; आत वाळलेल्या पानाचा तपकिरी; त्याच्या आत, बाहुलीला बिलगून, मधाचे एक अरुंद वलय. आणि बाहुलीच्या खाली, घड्याळातल्या पाचच्या आकड्याच्या जागी, एक काळा ठिपका – रंगवताना कुंचला निसटावा तसा. पहिल्या दिवशी तिला तो तिथे असल्याचे जाणवलेसुद्धा नव्हते. आता डोळे मिटले तरी तो ठिपका दिसे.

"सापडला का रंग?"

"नाही. तुमची छटा चंचल आहे."

"घरचे मला फार स्थिर समजतात. त्यांना सांगितलं पाहिजे."

"बोलू नये. बुबुळ हलतं."

"मी तोंडानं बोलतोय."

"तरी हलतं."

तो गप्प बसे, अर्धा मिनिट. मग पुन्हा सुरू होई. ती बोलत नव्हती म्हणून तो तिच्या वाटचे बोलत होता. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची स्प्रिंग त्याने खोलायला घेतली होती. "अडतीस वर्षं स्वतःला गुंडाळून बसली होती बिचारी. सुटली ती एकदम. समोर मीच होतो, मग राग दुसऱ्या कुणावर काढणार?" हे तो हसत सांगे. पण पुढचे सांगताना हसत नसे. आता चिमटा धरला की स्क्रू समोर स्वच्छ दिसतो, हात पुढे जातो, चिमटा मिटतो... आणि मिटलेल्या चिमट्यात हवा. दोन महिने झाले, त्याने अवजारांची पेटी उघडली नव्हती.

"दादाकडे चाललोय," एका दुपारी तो म्हणाला. "त्याचं गोदाम आहे, इथून दिवसभराच्या वाटेवर. फाटकावर बसायचं, आल्यागेल्या गाड्यांचे नंबर लिहायचे. नंबर मोठे असतात. एका डोळ्याला झेपतात."

कुंचला थांबला. "जाणार?"

"डोळा झाला की. पट्टी लावून फाटकावर बसलास तर लोक तुलाच चोर समजतील, म्हणतो दादा."

"तिथे... बरं वाटेल?"

"बरं वाटलंच पाहिजे असं कुठे असतं?" मग तिचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "एक सांगू? तुम्ही रोज तीन-तीन तास माझ्या डोळ्यात बघता. इतकं तर माझ्या आईनंही बघितलं नसेल. आतलं सगळं वाचून झालं असेल तुमचं."

"नाही. आम्हाला वरचा थर पुरतो."

"आणि आतलं?"

"ते आमचं नव्हे," ती म्हणाली, आणि कुंचला पाण्यात बुडवून नको इतका वेळ धूत राहिली.

खरेच ते त्यांचे नव्हते. या खोलीत माणसे येत, रडत, स्वतःबद्दल कुणाला न सांगितलेले सांगत. महिनाभर ती त्यांच्या बुबुळाचा कण न् कण पाठ करी. मग डोळा बसे, माणूस आरशात बघे, आणि जाई. पुढे कधी बाजारात, बसच्या रांगेत तो समोर आला तर नजर चुकवी. तिला राग येत नसे. ओळख दाखवली की सोबतचा विचारणार, ही कोण? आणि मग सगळेच सांगावे लागणार. डोळा जितका हुबेहूब, तितकी तिची ओळख पुसून टाकण्याची निकड मोठी. आपल्या हातून झालेले चांगले काम म्हणजे आपल्याला विसरण्याची सोय, हे तिने केव्हाच मान्य करून टाकले होते... मान्य केलेल्या गोष्टी दुखत नाहीत, असे मात्र नाही.

बुबुळ जमले. मधाचे वलय जमले, पाचच्या आकड्याचा ठिपकासुद्धा. उरल्या फक्त शिरा, आणि तिथे सारे अडले.

नवा तंतू ओठांना लागला की जिभेचे मूळ आक्रसे, जुना धागा टोचे, खोकला उसळे, आणि हातातली सुई पांढऱ्यावर ओरखडा काढी. तीन कवचे वाया गेली. ओल्या कापसावर ठेवलेला तंतू उचलेपर्यंत सुके आणि तुटे. आत्याने स्वतः एक कवच घेऊन पाहिले. तिच्या कापऱ्या हातांनी उमटलेल्या शिरा नकाशातल्या नद्यांसारख्या दिसत होत्या. "पूर आलाय," आत्याच म्हणाली आणि ते कवच डब्यात टाकून कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

डॉक्टरांकडे दुसऱ्यांदा गेल्यावर त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. नळी घालून बघतील. तारीख बारा दिवसांनंतरची.

"बारा दिवस!" त्याने दादाला फोनवर सांगितलेले तिने ऐकले. "अरे, त्यांना त्रास होतोय. मी काय घाई करू?"

त्या संध्याकाळी आरशासमोर टॉर्च धरून उभी असताना तिच्या लक्षात आले की ती शोधतच नव्हती. तोंड उघडे होते, उजेड आत पडला होता, आणि ती बारा दिवसांच्या दुपारी मोजत होती. चिवट, क्षुद्र, लाल असा तो तंतू – तोच तर त्याला या खुर्चीवर बांधून ठेवत होता! तिने चटकन टॉर्च विझवला. दुसऱ्याचा डोळा अडवून ठेवून आपण सुखावतो आहोत, याची तिला इतकी शरम वाटली की आवंढा गिळताना झालेली टोचणी तिला रास्तच वाटली.

दुसऱ्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा ऊन पडले; तेही आजारातून उठलेल्यासारखे, फिकट. तो खुर्चीत बसता बसता म्हणाला, "दादाचा पुन्हा फोन. विचारतो, डोळा खरा वाटेल ना रे? म्हटलं, इतका खरा की त्याच्या शेजारी उजवा खोटा वाटतो. तर म्हणतो, मग दोन्ही बदलून घे!"

तिला हसू आवरले नाही. आठ-दहा दिवसांचे साचलेले हसू. मान मागे गेली, तोंड उघडले, आणि खिडकीतला उजेड सरळ आत पडला.

तो उठून उभा राहिला. "थांबा. मिटू नका. मिटू नका तोंड!"

"काय झालं?" आत्या धावत आली.

"तिथेच आहे तो. जिभेच्या मुळाशी, डाव्या अंगाला. दोन उंचवट्यांच्या मधे एक टोक गेलंय आणि बाकीचा आडवा पडलाय."

"डॉक्टरला दिसला नाही तो तुम्हाला दिसला?"

"डॉक्टरांनी लाल रंग बघितला. मी दहा दिवस यांचे धागे बघतोय. धाग्याला चमक असते."

आत्याने कपाटातून लांब, वाकड्या टोकाचा चिमटा काढला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि स्वच्छ कापडावर ठेवून त्याच्यापुढे धरला. कापडासकट चिमटा थरथरत होता.

तो दोन पावले मागे सरला. "मी? नाही आत्या. पेल्यात पाणी पडत नाही माझ्याच्यानं."

"मग मी घालू का हात? हे बघा माझे हात. जीभच काढून आणीन मी तिची."

"हॉस्पिटलात जाऊ दे त्यांना. बारा दिवसच तर..."

बारा दिवस. ते शब्द त्याच्या तोंडून ऐकले आणि तिला काल संध्याकाळची स्वतःची मोजणी आठवली. गप्प बसणे किती सोपे होते! तो फाटकावर जाऊन बसेल, पेटी कधीच उघडणार नाही, आणि तत्पूर्वी तिला बारा दुपारी मिळतील. ती स्टुलावरून उठली आणि टेबलावरचा वाकणारा दिवा तिने ओढून घेतला.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली. क टोचला. घ टोचला. ती थांबली नाही. "चिमट्याच्या टोकाकडे बघू नका. टोक फसवतं. त्याच्या सावलीकडे बघा. दिवा बाजूनं ठेवायचा. टोक लांब असेल तर सावली लांब. टोक जवळ आलं की सावली जवळ येते. दोन्ही एकमेकांना लागली... की टेकलं."

खोकल्याने तिचे डोळे भरून आले होते. तो बघत राहिला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"एक शिंपी आले होते. एका डोळ्यानं काजं करतात अजून. आणि मान स्थिर ठेवायची नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे. जवळचं जास्त हलतं, लांबचं कमी."

"कबुतरासारखं?"

"कबुतराला कुणी हसत नाही," ती म्हणाली.

त्याने हात साबणाने धुतले, दोनदा. ती खुर्चीत बसली, तो स्टुलावर. जागा उलट्या झाल्या होत्या. आत्याने दिवा वाकवून पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, कारण तिच्या हातात दिवा धरला असता तर सावलीच नाचली असती. कोरड्या कापडाने त्याने तिच्या जिभेचे टोक धरले आणि हलकेच पुढे ओढले.

पहिल्या वेळी चिमटा नुसता जवळ आला आणि तिला उमासा आला. दुसऱ्या वेळी तो मिटला, हवेवर. त्याचा हात खाली आला. कपाळावर घाम होता.

"बघितलंत? सांगत होतो मी."

तिने त्याचे मनगट धरले, उचलले, होते तिथे आणून ठेवले. जीभ त्याच्या चिमटीत. बोलता येत नव्हते. नाकाने लांब श्वास घेऊन तिने उमाशाकडचे लक्ष काढले आणि समोर दिसणाऱ्या एकमेव गोष्टीवर ठेवले. राखी रेघ. वाळलेले पान. मध. पाचच्या आकड्याचा ठिपका... पण आज तो डोळा वर बघत नव्हता, तिच्याकडेही बघत नव्हता. तिच्या आतल्या अंधारात, एका तंतूवर, तो इतक्या एकाग्रतेने टेकला होता की बाहुलीभोवतीचे वलयसुद्धा निश्चल झाले होते. काम करताना हा माणूस असा दिसतो, तिला वाटले. हे मी रंगवलेले नाही.

त्याची मान थोडी डावीकडे गेली. थोडी उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"सावली आली," तो पुटपुटला. "आली... आली..."

जिभेच्या मुळाशी काहीतरी गार टेकले. मग एक बारीक ओढ, जणू आतून कुणी शिवण उसवत आहे. आणि मग काहीच नाही. टोचणी नाही. ती गेल्यावर तिथे एक विलक्षण मोकळी, ओकीबोकी जागा उरली.

चिमट्याच्या टोकाला दोन बोटांइतका लाल तंतू लोंबत होता.

"एवढासा?" आत्या म्हणाली. "एवढ्याशासाठी पावाची अख्खी लादी गेली माझी!" आणि पदराने डोळे पुसत तिने तो चिमट्यावरून कापसात घेतला आणि कचऱ्यात टाकला.

तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "लागलं," तो म्हणाला. "जिथे दिसलं, तिथेच होतं."

"मग आता पेटी उघडा," ती म्हणाली. तिचा ग इतका सहज उमटला की तिलाच नवल वाटले.

त्याने चिमटा कापडावर ठेवला. "एक धागा काढला म्हणजे घड्याळ जमलं असं नाही," तो म्हणाला. "आणि दादाला शब्द दिलाय. तुमचं तोंड दुखत असेल. पाणी घ्या." त्याने जगाचे तोंड पेल्याच्या काठाला टेकवून पाणी ओतले. एक थेंब सांडला नाही. तिने ते प्यायले, आणि किती दिवसांनी न टोचता गिळलेला घोट तिला जड गेला.

शिरा दोन दिवसांत झाल्या. हात चालत होता, खोकला नव्हता, काम लांबवायला एकही कारण उरले नव्हते. आणि मुद्दाम वाईट काम करणे तिला येत नव्हते. तिसऱ्या दिवशी वरचा काचेसारखा थर चढला, चौथ्या दिवशी पॉलिश झाले. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, आत्याने डोळा बसवला.

त्याने आरशात पाहिले. बराच वेळ पाहिले. सगळे पाहतात तसेच. आधी डावा, मग उजवा, मग एकदम दोन्ही. मग त्याने आरसा पालथा ठेवला. "उद्या सकाळची गाडी आहे," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नव्हे.

"तपासणी उरलीय," आत्या म्हणाली. "ठमे, बघून घे. मी डोळ्याची डबी आणते." आणि ती मागे गेली.

खोलीचा शिरस्ता असा, की डोळा बसला की शेवटची तपासणी बनवणाऱ्याने करायची. माणसाने रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाकडे पाहत राहायचे, आणि बनवणाऱ्याने नव्या डोळ्याच्या अंगाला उभे राहून, अगदी जवळून, पापणी नीट मिटते का, कड कुठे टोचते का, नजर सरळ जाते का, ते बघायचे. ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाहेर पुन्हा ढग आले होते. नाकाच्या पलीकडचा उजवा डोळा खांबाकडे होता. अलीकडचा, तिचा, तिच्याकडे बघत होता.

चांगला झाला होता. इतका चांगला की तो पाहत नाही यावर विश्वास बसू नये. ती त्याच्यासमोर एक वीत अंतरावर होती, आणि त्याच्या दृष्टीने ती कुठेच नव्हती. न दिसण्याची ही मुभा तिला यापूर्वी कधी मिळाली नव्हती.

"छान झालायस," ती त्या डोळ्याला म्हणाली. आवाज इतका हळू की ओठांनाच ऐकू यावा. "तुझ्यासारखा पुन्हा माझ्या हातून होणार नाही. उद्या जाशील. कधी रस्त्यात भेटलास तर ओळख दाखवणार नाहीस... दाखवू नको, कुणीच दाखवत नाही. तुझ्यावर राग नाही माझा. पण तुझ्या शेजारचा ज्याचा आहे ना, तो माणूस... त्यानं जाऊ नये असं वाटतं मला. फार वाटतं. धागा अडकला होता तेव्हा मी देवाला म्हणत होते, राहू दे अडकलेला. आणि मीच दिवा ओढला. मीच सांगितलं सावलीकडे बघा. आता काय करू मी? त्याला हात मिळाले आणि मला... त्यानं नंबर लिहीत बसू नये. एवढंच. त्यानं इथे कुठेतरी असावं. मला येता-जाता दिसावं..."

ती थांबली. पापणीची कड नीट होती. नजर सरळ होती. सांगण्यासारखे काही उरले नव्हते.

"खांबाकडेच बघत राहू?" त्याने विचारले.

ती चटकन एक पाऊल मागे सरली. मागच्या खोलीत डबी शोधण्याचा आवाज केव्हाच थांबला होता, हेही तिला आत्ता कळले.

"तुम्ही... ऐकलंत?"

"डोळा तुमचा आहे," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, मान अजून जराही हललेली नव्हती. "कान अजून माझेच आहेत."

"मी डोळ्याशी बोलत होते."

"कळलं ते. त्याला तुम्ही तू म्हणता. मला अजून अहो."

रस्त्यावरून एक सायकल गेली. खांबावर पाण्याचा पहिला थेंब पडला, मग दुसरा. तिला पळून जायचे होते. पण पळायला त्याच्या समोरूनच जावे लागणार होते.

"दादाला कळवतो," तो म्हणाला, खांबाला सांगितल्यासारखे. "फाटकावर दुसरं कुणी बसेल. पेटी उद्या उघडेन. पहिल्या दिवशी बरेच स्क्रू हरवतील... ते शोधायला कुणीतरी लागेल."

ती अजून त्याच्या डाव्या अंगालाच उभी होती.

तेव्हा त्याने खांबावरची नजर काढली. मान मात्र वळवली नाही. रिकाम्या उजव्या हाताने खुर्चीच्या त्या बाजूला, जिथून त्याला दिसत होते, तिथले स्टूल चाचपून जवळ ओढले.

"उजवीकडे ये," तो म्हणाला. "आणि पहिल्यापासून सांग."